चांदवडची शिदोरी किती पुरली?

नाशिकहून मालेगावकडे जाताना मुंबई-आग्रा रस्त्यावर लागणारं चांदवड बहुतेकांना दोन गोष्टींमुळे ठाऊक असतं. एक रेणुकामातेचं देऊळ आणि दुसरा होळकरांचा रंगमहाल. या गावाच्या इतिहासातली तिसरी मोठी गोष्ट मात्र कुठल्या वास्तूत सापडत नाही. ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ रोजी इथं शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून, ट्रक-टेम्पोत बसून, भाकऱ्या बांधून घेऊन शेतकरी घरांतल्या बायका आल्या. आकड्यांबद्दल मतभेद आहेत, पण ती गर्दी लाखाच्या वर होती याबद्दल फारसा वाद नाही. ग्रामीण बायकांचा एवढा मोठा मेळावा त्याआधी महाराष्ट्रानं पाहिला नव्हता.

या अधिवेशनाबद्दल जे लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं त्या गर्दीनं भारावून लिहिलेलं आहे. मला वेगळा प्रश्न पडतो. भावासाठी लढणारी, पुरुषांच्या हाती असलेली एक संघटना स्वतःला बदलायला निघाली. तिच्या नेत्यानं तो बदल घडवून आणला. पुढे नेता थकला, संघटना फुटली. मग त्या बदलातलं नेमकं काय उरलं, आणि ते कशामुळे उरलं?

त्यासाठी आधी संघटना काय होती ते पाहू. शरद जोशी भारतीय टपाल सेवेतले अधिकारी. स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथल्या जागतिक टपाल संघातली नोकरी सोडून ते १९७७ च्या सुमारास परत आले आणि चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. त्या शेतीच्या हिशोबानं त्यांना जे दाखवलं, त्यातून शेतकरी संघटनेचा विचार उभा राहिला: शेतकरी आळशी किंवा अडाणी असल्यामुळे गरीब नाही, उत्पादन खर्चही भरून निघणार नाही असे भाव त्याला मिळतात, आणि हे धोरण म्हणून केलं जातं. चाकणला कांद्याचं आंदोलन झालं. १९८० च्या नोव्हेंबरात ते नाशिक जिल्ह्यात पेटलं. उसाला टनामागे ३०० रुपये आणि कांद्याला रास्त भाव मिळावा म्हणून रस्ते आणि रेल्वे अडवल्या गेल्या. पिंपळगाव बसवंतचे माधवराव मोरे या जिल्ह्यातले त्यातले मोठे नेते. खेरवाडीला गोळीबार झाला, शेतकरी मेले. चांदवडचा परिसर हा कांद्याचा, लासलगावची बाजारपेठ जवळ. त्यामुळे १९८६ चं अधिवेशन इथं भरणं स्वाभाविक होतं.

संघटनेचा कार्यक्रम एका कलमाचा होता: शेतीमालाला रास्त भाव. सभासदांची रीतसर नोंद नाही, पदांच्या निवडणुका नाहीत; छातीवर लाल बिल्ला लावला की माणूस संघटनेचा. या सुटसुटीतपणामुळे ती वाऱ्यासारखी पसरली. भाव मिळाला की बाकीचं आपोआप सुटेल, असं तिच्या कार्यकर्त्यांना मनापासून वाटत होतं. बायका आंदोलनात होत्याच. त्या रस्त्यावर बसल्या, तुरुंगात गेल्या. पण शेतकऱ्याच्या बायका म्हणून.

चांदवडच्या आधीच्या काळात शिबिरं झाली. त्यांत बायकांना भाषणं ऐकवण्याऐवजी बोलतं करण्याचा प्रयत्न होता. दिवस कधी सुरू होतो, कधी संपतो, कामं कोणकोणती, हातात पैसा किती येतो. या बोलण्यातून जे पुढे आलं ते संघटनेला अडचणीचं होतं. भाव वाढला म्हणजे घरात पैसा येतो, पण तो बाईच्या हातात येतो असं नाही. नगदी पिकाचा पैसा आला की घरात ट्रॅक्टर येतो, कधी दारू येते. तिचं काम कमी होत नाही. म्हणजे संघटनेचं एकमेव कलम तिच्या अर्ध्या लोकांना पुरत नव्हतं.

अशा वेळी नेत्यापुढे सोपा रस्ता असतो: महिला आघाडी नावाची एक शाखा काढायची, दोन-चार पदं द्यायची आणि मुख्य काम पूर्वीसारखं चालू ठेवायचं. शेतकरी महिला आघाडी निघाली हे खरं, पण जोशींनी आधी विचाराची मांडणी बदलायला घेतली. अधिवेशनासाठी त्यांनी ‘चांदवडची शिदोरी’ ही पुस्तिका लिहिली. तिचा विषय स्त्रियांचा प्रश्न. शेतीतल्या बचतीची लूट सुरू झाली तेव्हा लढाऊ पुरुषाचं महत्त्व वाढलं आणि त्यासोबत बाईची गुलामी आली, असा तिचा रोख होता. ही मांडणी सगळ्यांना पटली असं नाही. शहरांतल्या स्त्रीमुक्ती चळवळीतल्या अनेकींना ती अपुरी वाटली. घरातल्या पुरुषाची जबाबदारी ती हलकी करते, हा आक्षेप मलाही रास्त वाटतो. पण संघटनेच्या आत तिनं एक काम केलं. भावाचा लढा आणि बाईचा प्रश्न यांचं मूळ एकच, लूट, असं सांगितल्यामुळे लाल बिल्लेवाल्या पुरुषाला बाईच्या प्रश्नाकडे पाठ फिरवणं अवघड झालं. नाही म्हणायचं तर स्वतःच्याच लढ्याला नाही म्हणावं लागणार होतं.

चांदवडला ठरलेल्या गोष्टींपैकी एक थेट सत्तेबद्दल होती: जिल्हा परिषदांच्या निवडणुकांत सगळ्या जागा बायकांनी लढवायच्या. राखीव जागांची मागणी नव्हती. आहेत त्या जागांवर उभं राहायचं होतं. राज्य सरकार या निवडणुका लांबणीवर टाकत राहिलं आणि त्या झाल्या थेट १९९२ मध्ये. मधल्या काळात, १९८९ च्या सुमारास, ग्रामपंचायतींत पूर्ण बायकांची पॅनल उभी राहिली. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर, यवतमाळ जिल्ह्यातलं मेटीखेडा अशा मोजक्या गावांत ती निवडूनही आली. पंचायत राजची ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली २४ एप्रिल १९९३ रोजी. त्याच्या काही वर्षं आधी या गावांत बायका सरपंचाच्या खुर्चीत होत्या, आणि त्या कुठल्याही आरक्षणाशिवाय तिथं पोचल्या होत्या.

गावं मात्र मोजकीच राहिली. एका निवडणुकीत पॅनल जिंकलं तरी पाच वर्षांनी पुन्हा शून्यापासून सुरुवात. मग १९९० च्या सुमारास संघटनेनं जे काम हाती घेतलं, ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं. त्याचं नाव लक्ष्मीमुक्ती.

कार्यक्रम साधा होता. शेतकऱ्यानं आपल्या जमिनीतला काही हिस्सा बायकोच्या नावे करायचा. ज्या गावात किमान शंभर कुटुंबं हे करतील ते लक्ष्मीमुक्तीचं गाव, आणि त्या गावात सन्मानाला शरद जोशी स्वतः येणार. घरची लक्ष्मी म्हणायचं आणि तिच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, सीतेला वनात सोडलं त्याचं कर्ज फेडायचं आहे, अशा भाषेत हा विषय गावोगाव मांडला गेला. विटनेर पहिल्या गावांपैकी एक होतं. पुढे अनेक जिल्ह्यांतली गावं पुढे आली आणि हजारो बायकांची नावं सातबाऱ्यावर चढली.

हे काम कसं चालत होतं ते बारकाईनं पाहिलं पाहिजे. बायकोला जमीन द्यायची तर एकट्या शेतकऱ्याला दोन भीती असतात: भाऊबंद काय म्हणतील, आणि बायकोच्या मुठीत गेला म्हणून पारावर हसतील. शंभर कुटुंबांची अट या दोन्ही भीतींवर उतारा होती. सगळ्यांनीच केलं तर हसायला कोण उरतं? शिवाय मागितलेली गोष्ट मोजता येण्याजोगी होती. बायकोला समानतेनं वागवा, असं सांगितलं असतं तर सभेत सगळ्यांनी हात वर केले असते. इथं तलाठ्याकडे अर्ज द्यायचा होता, फेरफार धरायचा होता, मंडळ अधिकाऱ्यानं तो मंजूर करायचा होता. केलं की नाही ते सातबारा काढला की कळतं.

कायद्याकडे पाहिलं की याचं महत्त्व अधिक कळतं. हिंदू वारसा कायद्यानं बाईला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा मिळतो तो त्याच्या मरणानंतर. तो हयात असताना जमिनीच्या कागदावर ती कुणी नसते. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये कायदा बदलला तो मुलींसाठी, वडिलोपार्जित मिळकतीत त्यांना जन्मानं हक्क देणारा. बायको तिथंच राहिली. आमच्या घरात आजीनं आयुष्यभर कांद्याची लागण केली, निंदणी केली, चाळीत कांदा निवडला. तिचं नाव सातबाऱ्यावर आलं ते आजोबा गेल्यावर, सहा-कच्या वारसनोंदीतून, मुलांच्या नावांच्या रांगेत. तोवर सोसायटीचं कर्ज, विहिरीचं अनुदान, बाजार समितीची पट्टी यांतला एकही कागद तिच्या नावाचा नव्हता. हे काही आमच्याच घरचं वैशिष्ट्य नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीच्या खात्यांपैकी बायकांच्या नावावरची खाती सुमारे १४ टक्के होती.

आता रंगमहालाकडे वळतो, कारण चांदवडच्या या जुन्या मालकांच्या घरात हीच गोष्ट जवळपास तीनशे वर्षांपूर्वी घडली होती.

मल्हारराव होळकरांची पत्नी गौतमाबाई. १७३४ मध्ये पेशव्यांनी तिच्या नावानं वेगळी जहागीर करून दिली. तिला खासगी म्हणत. मल्हाररावांना लढाया करण्यासाठी मिळालेला मुलूख म्हणजे दौलत. तिचा हिशोब निराळा. खासगीचं उत्पन्न घरच्या बाईचं. ते सैन्यावर खर्च व्हायचं नाही. गौतमाबाईनंतर ती खासगी सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली. १७६७ पासून १७९५ पर्यंत अहिल्याबाईंनी राज्य केलं, आणि काशीपासून रामेश्वरापर्यंत जी देवळं, घाट, धर्मशाळा, विहिरी त्यांच्या नावानं ओळखल्या जातात, त्यांचा खर्च या खासगीतून झाला. दौलतीच्या पैशाला त्यांनी त्यासाठी हात लावला नाही, ही त्यांची शिस्त मराठी इतिहासात वारंवार सांगितली जाते. आपण ती त्यांच्या स्वभावाची थोरवी म्हणून सांगतो. थोरवी होतीच, पण त्या थोरवीला उभं राहायला जमीन होती, आणि ती एका बाईच्या नावावर आधीच करून ठेवलेली होती.

पुढचा इतिहास आणखी बोलका आहे. अहिल्याबाई गेल्या आणि दोन वर्षांत तुकोजीराव गेले. वारसांची भांडणं पेटली, यशवंतरावांच्या लढाया झाल्या, १८१८ च्या मंदसोरच्या तहानं सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख होळकरांच्या हातून गेला. चांदवड इंग्रजांकडे आलं. दौलत अशी आकसत गेली. खासगी मात्र चालत राहिली. संस्थानं विलीन झाली, आणि १९६२ मध्ये या धर्मादायांसाठी इंदूरला विश्वस्त संस्था झाली. २०२२ मध्ये तिच्या मिळकतींच्या व्यवहारांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि न्यायालयानं तिला सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या चौकटीत आणलं. म्हणजे १७३४ मध्ये एका बाईच्या नावे केलेली व्यवस्था २०२२ मध्येही कोर्टाला हाताळावी लागत होती. राज्य टिकलं नाही, पण हेतूला जोडून दिलेलं उत्पन्न आणि त्याचा कागद टिकला. अर्थात कागद आहे म्हणून सगळं सुरक्षित राहतं असंही नाही. कुणीतरी तो सतत वाचत राहावं लागतं, हेही त्या दाव्यानं दाखवलं.

शेतकरी संघटनेचं पुढे असंच झालं, फक्त फार लवकर. १९९१ नंतर देशाचं आर्थिक धोरण बदललं. जोशी खुल्या बाजाराच्या बाजूनं उभे राहिले, अनेक सहकारी त्यांच्यापासून दूर गेले. याच काळात त्यांनी चतुरंग शेतीची मांडणी केली. त्यात सीताशेती होती, बाईच्या हातातली, बाहेरून काही विकत न आणता करायची शेती. १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष निघाला. नेत्याचं लक्ष जिकडे, तिकडे संघटनेचं लक्ष. आणि लक्ष्मीमुक्तीच्या रचनेतली कच्ची कडी इथंच उघडी पडली. गावाला मिळणारं बक्षीस म्हणजे नेत्याचं येणं. तो येईनासा झाला तेव्हा शंभरावं कुटुंब गोळा करायला गावात कारण उरलं नाही. नाव लागलं, पुढे काय? त्या जमिनीवर तिला कर्ज मिळालं का, पीक कोणतं घ्यायचं हे तिनं ठरवलं का, दोन वर्षांनी नाव परत कमी तर झालं नाही ना, हे बघणारं कुणी नेमलेलं नव्हतं. सभासदांची वही न ठेवणाऱ्या संघटनेकडे या बायकांची वही तरी कुठून असणार? जिच्या सुटसुटीतपणानं ती वाढली, त्याच सुटसुटीतपणानं मिळवलेलं सांभाळायला माणूस ठेवला नाही.

तरीही एक गोष्ट हातातून निसटली नाही. १५ सप्टेंबर १९९२ रोजी महाराष्ट्राच्या महसूल विभागानं परिपत्रक काढलं: नवऱ्यानं आपणहून अर्ज केला तर शेतजमिनीच्या अभिलेखात त्याच्या हयातीतच बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येईल. तलाठ्यांच्या माहितीपुस्तिकांत आजही त्याला लक्ष्मीमुक्ती योजनाच म्हणतात. चळवळीनं पारावर घातलेलं नाव सरकारच्या दप्तरात गेलं. ते वापरणारे अनेक कर्मचारी चांदवडच्या वेळी जन्मलेही नसतील, आणि हे नाव कुणी दिलं हे त्यांना ठाऊक असायचं कारण नाही. टिकाऊ बदल म्हणतात तो बहुधा असा असतो. तो करणाऱ्याची ओळख विसरली गेली तरी तो चालतो.

चांदवडचा विषय निघाला की शरद जोशींची आणखी एक कृती हमखास निघते. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षणाचं विधेयक १८६ विरुद्ध १ मतानं मंजूर झालं. ते एक विरोधी मत शरद जोशींचं होतं. लाखभर बायकांपुढे चांदवडला उभा राहिलेला माणूस महिला आरक्षणाच्या विरोधात मत देतो, याचा अनेकांना धक्का बसला. त्यांचा मुख्य आक्षेप राखीव मतदारसंघ दर निवडणुकीत फिरवण्याला होता. मतदारसंघ सोडतीनं बदलणार असेल तर निवडून आलेल्या बाईला तिथं रुजायची संधी नाही, आणि पुरुषालाही तिथं काम करण्यात रस उरणार नाही.

मी त्या दिवशी सभागृहात असतो तर विधेयकाच्या बाजूनं मत दिलं असतं. संधीच नसण्यापेक्षा एका मुदतीची संधी बरी. विटनेर-मेटीखेड्यासारखी गावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली, आणि ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर महाराष्ट्रात बायका हजारोंनी पंचायतींत आल्या, हा फरक आरक्षणानं घडवला. स्वेच्छेवर सोडलं असतं तर तो घडला नसता. पण जोशींचा आक्षेप खोटा नाही. सोडतीत प्रभाग सुटला की पहिल्यांदा निवडून आलेली बाई घरी बसते, हे आपण गावोगाव पाहतो. २०२३ मध्ये संसदेनं मंजूर केलेल्या कायद्यात राखीव जागा दर निवडणुकीऐवजी मतदारसंघांच्या फेररचनेनंतर फिरवण्याची तरतूद आहे. म्हणजे रुजण्याचा मुद्दा उशिरा का होईना, काही प्रमाणात मानला गेला.

या दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या की चांदवडच्या इतिहासातून एक गोष्ट हाती लागते. नेता संघटनेला नव्या रस्त्यावर आणू शकतो. ते काम त्याच्याशिवाय होत नाही. जोशींशिवाय लाल बिल्लेवाल्या पुरुषांनी बायकोला जमीन दिली नसती. पण त्या रस्त्यावर संघटना पुढेही चालत राहायची असेल, तर नेत्यानं आपल्या हयातीतच काम दुसऱ्याच्या हाती द्यावं लागतं: कुणाच्या तरी नेमणुकीत, कुठल्या तरी नियमात, कुठल्या तरी वहीत. जेवढं तसं दिलं गेलं तेवढं राहिलं. परिपत्रक राहिलं, सातबाऱ्यावरची नावं राहिली. जे नेत्याच्या येण्यावर अवलंबून होतं ते १२ डिसेंबर २०१५ रोजी शरद जोशी गेले त्याच्या कितीतरी आधी थांबलं होतं.

ही शिदोरी संपलेली नाही, पण ती गावागावांत न सोडता बांधून ठेवलेली आहे. १९९२ च्या परिपत्रकाला मुदत नाही, उद्दिष्ट नाही, आणि अर्ज नवऱ्यानं करायचा आहे. विदर्भ-मराठवाड्यात कर्जापायी शेतकरी आत्महत्या करतो तेव्हा त्याच्या मागे राहिलेल्या बाईची पहिली वणवण वारसनोंदीसाठी असते; तिचं नाव आधीच लागलेलं असतं तर ती वणवण टळली असती. आज गावात लाल बिल्ला दिसत नाही, पण बचत गट आहेत, शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत, दूध संस्था आहेत. त्यांच्याकडे सभासदांची वही असते, मासिक बैठक असते, सचिव असतो, म्हणजे शेतकरी संघटनेकडे जे नव्हतं ते सगळं. कांदा उत्पादकांच्या एखाद्या कंपनीनं भागधारक होताना नवरा-बायको दोघांचं नाव असलेला सातबारा मागायला सुरुवात केली आणि दर वार्षिक सभेत त्या नावांची संख्या वाचून दाखवली, तर त्यासाठी कुणा मोठ्या नेत्यानं गावात यायची वाट पाहावी लागणार नाही. तलाठी कार्यालय प्रत्येकाच्या आवाक्यात आहे, आणि अर्ज एका पानाचा आहे.